टेरिकॉटचं झबलं

चूक सगळी रत्नप्रभा आत्याची. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून म्हणायला नको की हा पोरगा वडीलधाऱ्यांना नावं ठेवतो. ठेवतो! का नाही ठेवणार? मे महिना, अंधेरी, वन रूम किचन आणि पंखा बंद... का? तर मानसीताईला मुलगा झालाय आणि बाळाला वारं लागेल! अहो, वारं आहे कुठे लागायला? आमच्या खिडकीसमोर बाजूच्या बिल्डिंगचा संडासाचा पाइप आहे!

तुम्हाला सांगतो, त्या एवढ्याशा जिवाच्या अंगावर काय काय होतं... झबलं, त्यावर स्वेटर, डोक्याला लोकरीचं टोपडं, पायमोजे, हातमोजे, दुपटं, वरून शाल. काश्मीरला चाललंय का ते? आणि झबलं कसलं, तर लवूकाकाच्या सफारीचं! बारशापर्यंत नवं कापड घालायचं नाही, जुनंच हवं, इथवर ठीक. पण आत्याचं पुढचं शास्त्र ऐका. ज्याचं जुनं, त्याचे गुण बाळाला. "गुण लागतत रे झिला, कपड्याचे गुण लागतत!" आणि आमच्या खानदानात गुण कोणाकडे? लवूकाकाकडे. साहेब होऊन रिटायर झाला, पार्ल्यात फ्लॅट, दोन्ही मुलं परदेशात, एक पण त्याचा फोन उचलत नाही... पण गुण! म्हणून त्याची सफारी फाडून झबली शिवली. टेरिकॉट यार! त्यातून घामसुद्धा बाहेर पडायला परवानगी मागतो!

बाळ उकडलेल्या कोलंबीसारखं लाल. रडतंय, रडतंय, आवाज बसला तरी रडतंय. आत्या म्हणते, "थंडी वाजता त्याका." घाला अजून एक दुपटं! शेवटी ताईपण रडायला लागली, तेव्हा कुठे नेलं पद्मजा डॉक्टरांकडे. त्यांनी बाळाच्या मानेमागे नुसता हात लावला आणि आमच्याकडे असं बघितलं ना... "बाळ सांभाळताय की मोदक वाफवताय?" अंगभर घामोळं. "मान ओली लागली की समजायचं, उकडतंय. लोकर काढा, पंखा लावा, अंगात एकच कापड. सुती. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं."

सुती! अख्खं घर उपसलं. आईच्या सुती साड्या कुठे? भांडीवालीला दिल्या, एका टोपासाठी. बाबांचे शर्ट पॉलिस्टर, ताईचे गाऊन नायलॉन. सुती एकच. माझा टी-शर्ट. कॉलेज फेस्टिव्हलचा. त्या कॉलेजने मला दिलेली तेवढीच वस्तू, कारण एस.वाय.ला मी सोडलं. धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला. मी आपणहून आणून दिला, म्हटलं घ्या, कापा. तर आत्याने हात असा मागे घेतला, जसं काय मी मेलेलं झुरळ दिलं. "ह्याचो? कॉलेज अर्ध्यार सोडलेल्याचो? गुण लागतत!"

आई दुपट्याच्या घड्या घालायला लागली. बाबांनी पेपर उघडला. ताई... लहानपणी हिच्या वाटचा मार मी खाल्लाय, तीपण नुसती बाळाकडे बघत बसली. बोला ना कोणीतरी! पोराच्या अंगाची आग होतेय, आणि ह्यांना भीती कसली, तर माझी लागण होईल!

मग आत्यानेच तोड काढली. लवूकाकाला बोलावलं. माझा टी-शर्ट त्याने घालायचा, तासभर. म्हणजे माझे गुण जाणार, त्याचे येणार! हसू नका. मीपण हसलो नाही. काका रिक्षाने आला, तो मीडियम साइज पोटावर ओढला, काखेत टर्रकन शिवण गेली, आणि बसला चहा पीत. पंखा बंदच, कारण बाळाला वारं! घामाने नुसता निथळत होता. पोरगं तोवर तिथेच, सफारीत, किंचाळतंय. आणि हा मला उपदेश करतोय, माझ्याच टी-शर्टात बसून! "शिक्षण महत्त्वाचं असतं सुयोग." बरं, नंतर तो घामट टी-शर्ट गरम पाण्यातून पिळून काढला कोणी? मीच.

आत्याने कापला, शिवला, बाळाच्या अंगात घातला. पाठीवर कॉलेजचं अर्धंच नाव आलंय, माझ्या शिक्षणाएवढं. ताईने उठून पंखा लावला, आत्याला न विचारता. आणि बाळ झोपलं हो... दोन्ही मुठी सोडून, पहिल्यांदाच. मी जरा जवळ गेलो बघायला, तर आत्या शेजारच्या बायकांना घेऊन आली. "बघल्यात? कसो शांत निजलो! लवूचे गुण लागले."

माझा टी-शर्ट गेला. भाचा लवूकाकावर गेला.