डोळ्याची मागली बाजू

...अहो, दिसतंय की मला! समदं दिसतंय! तेच तर त्या डॉक्टरीणबाईला सांगत हुतो. तुमाला सांगतो, घराला मागलं दार असतंय, रानाला मागला बांध असतोय, पर डोळ्याला मागली बाजू? कुणी सांगितलं हुतं का कधी? आन त्याबी कुणाला सांगत हुत्या, तर ह्या गोरोबातात्याला! येरमाळ्याच्या बाजारात शेरडू घ्यायचं म्हणलं, की लोकं आधी मला जीपमधी बसवत्यात, मग पैशाचं बघत्यात. शेरडाची खालची पापणी नुसती अशी वढली, लाल हाय का पांढरी बघितली, की झालं! लाल म्हंजे धडधाकट, पांढरी म्हंजे रोगट. लबाड मालक तर पापणी न वढताच कळतोय...

तर साळंत डोळ्याचं शिबिर लागलं. आमच्या घरची, दैवशाला, म्हणली, "फुकट हाय, दाखवा की." फुकट म्हणल्यावर काय, बसलो! डोळ्यात थेंब टाकलं, मिटून बसवलं, उघडलं तर उजेड निस्ता अंगावर धावून आला. मग यंत्रावर हनुवटी ठिवली, आन झगाक! डोळ्याच्या मागल्या बाजूचा फोटो! डॉक्टर हर्षालीबाई म्हंजे माझ्या नातीएवढी पोर, बारीक आवाजात म्हणती, "आजोबा, मागच्या पडद्यावर डाग आहेत. शुगरमुळं. सोलापूरला जाऊन लेझर करून घ्या."

म्हणलं, "बाई, समदं दिसतंय की मला! ती बघा भिंतीवरली पाल!"

"आजोबा, तो खिळा आहे."

आता थेंब टाकल्यावर पाल आन खिळा सारखाच, त्यात माझा काय दोष? "दिसतंय तोवरच यायचं असतं, आजोबा. आणि घाबरू नका, हे फार कॉमन आहे." कॉमन! डोळा माझा, डाग माझा, आन म्हणं कॉमन!

घरी आलो. एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं. दैवशाला दिसती, शेरडं दिसत्यात... समदं दिसतंय की! पर खरं सांगतो, भ्या वाटलं. आंधळं व्हायचं भ्या हायेच हो, पर त्याच्याबी म्होरं बाजाराचं! खबर फुटली तर जीपमधी कोण बसवतंय मला? "तात्याच्याच डोळ्यात डाग, त्यो शेरडातली खोट काय काढतोय!" दैवशालाला दम भरला, कुठं बोलायचं न्हाय. हाटेलात बंडप्पा भेटला. "तात्या, तुमचं काय निघालं?" "काय निघतंय? साफ! तुझं?" "माझंबी साफ!" शेजारची कोंडाबाई म्हणं, "मला तर बाई म्हणल्या, असा डोळा बघितलाच न्हाय!" समद्या गावाचं साफ! मग त्या बाई कॉमन कॉमन कुणाला म्हणत हुत्या? म्या एकटाच कॉमन?

शेवटी काय करता... "लेकीकडं जाऊन येतो" म्हणून गावात सांगितलं आन उपरणं तोंडाला गुंडाळून येस्टीनं सोलापूर गाठलं. दवाखान्यात पडद्याच्या डॉक्टरापुढं ही लांब रांग, आन बाकड्यावर कोण? बंडप्पा! त्योबी म्हणं लेकीकडं निघालेला. अरे, तुला तिन्ही ल्योकच, लेक कुठली? त्याच्या पल्याड कोंडाबाई, तोंडावर पदर वढून. ती म्हणं माहेराला आल्ती. सत्तरीत माहेर! भिंतीकडंला सरपंच पेपर वाचतोय, पेपर उलटा. त्याच्या म्होरल्या बाकड्यावर तर आख्खी आमची आळी! समद्यास्नी समदं दिसतंय, पर कुणीच कुणाला बघितलं न्हाय!

तेवढ्यात बंडप्पा सरकत सरकत जवळ आला, कानात म्हणतो, "तात्या, गावात कुणाला सांगू नगा हां!"

म्हणलं, "न्हाय सांगत, बाबा. पर सांगायला गावात राहिलंय कोण?"