हात तुमचा, जोर माझा

माझं माहेर तलवाड्याचं, गेवराई तालुक्यातलं, सासर परळीत, किराणा दुकानवाल्यांच्या घरात, आन् काय सांगू तुम्हाला, मी नर्स झाले ती सासूच्या जिवावर झाले. सासूला आमी आत्याबाई म्हणतो. नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला तवा माझी पोरगी रांगायली होती, मालक म्हणले कशाला जायचं, दुकान हाय की आपलं, तर आत्याबाई चुलीपुढून उठल्या आन् म्हणल्या, दुकान तू बघ, पोरगी मी बघते, तिला जाऊ दे. बस, तिथंच इषय संपला.

मग उपकेंद्रावर लागले. वस्त्या, तांडे पायी हिंडले, बाळंतिणी बघितल्या, लसी टोचल्या, कुत्री मागं लागली, आता ते कुत्र्याचं सांगत बसले तर दिवस जाईल. चढत चढत आज बीडला जिल्ह्यातल्या सगळ्या सिस्टरांवरची मोठी सिस्टर हाय मी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची त्याच्या घरी जाऊन सेवा कशी करायची, कूस कशी बदलायची, जखम कशी धुवायची, हे कितीतरी पोरींना मीच शिकवलं.

आन् मागल्या साली आत्याबाईंना अर्धांगाचा झटका आला. त्या तवा आमच्यापाशीच होत्या, बीडला. उजवं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तर जेवायलाच तयार न्हाईत. तोंड मिटून घ्यायच्या. आमी लिंगायत, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याबिगर त्यांनी जन्मात पाणी पिलं न्हाई, आन् आता बेल वाहायला उजवा हातच उचलंना. मी म्हणलं तुमच्या वतीनं मी करते पूजा, तर मान फिरवली. मी चमच्यानं भरवायला जायची, रागवायची, मग मोरीत जाऊन रडायची. जिल्ह्याला शिकवनारी मी, आन् माझ्याच घरात माझं काई चालंना. आफिसात सायबांना म्हणलं, मी नोकरी सोडते.

ते फरजानाला कळलं. फरजाना माझ्या हाताखाली तयार झालेली सिस्टर, आमच्याच भागात घरोघरी फिरती. दारात येऊन म्हणली, मॅडम, तुमी जरा बाजूला बसा, इथं तुमी सून आहात, सिस्टर मी हाय. मला राग आला, पर बसले. तिनं आत्याबाईंना उशा लावून बसवलं, मला म्हणली लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवा, आन् त्यांचा उजवा हात कोपरातून धरला. म्हणली, आजी, आधी पूजा, मग जेवण. हात तुमचा, जोर माझा. बेल सगळा मांडीवर सांडला, पर एक पान लिंगावर पडलं. आत्याबाईंच्या डोळ्याला धार लागली. मग त्यांनी आपल्या मनानं तोंड उघडलं, वाटीभर पेज पिली.

फरजाना रोज यायली. बाकीच्या पोरीबी आपापल्या सुट्टीला यायल्या, कुणी पाठ पुसायची, कुणी पाय चोळायची, मी एकीलाबी सांगितलं नव्हतं. चहा ठेवते म्हणलं तर म्हणायच्या, मॅडम, राहू द्या. औंदा आत्याबाईंना गाडीत घालून कपिलधारला देवदर्शनाला नेलं, तर काठी टेकत देवळापत्तर चालल्या. फरजानासाठी तिथून चुरमुरे आणले, आठवणीनं, त्यांनीच.

नोकरी न्हाई सोडली मी, बरं झालं. आता रिटायर व्हायची येळ आलीय. लई दिलं मला लोकांनी, या पोरींनी, सगळ्यांचं भलं होवो. सकाळी आफिसला निघाले की आत्याबाई म्हणत्यात, वाक जरा, आन् माझ्या कपाळाला विभूती लावत्यात, उजव्या हातानं. हात थरथरतो, विभूती पार भुवईवर जाती. मी पुसत न्हाई, तशीच जाते.