जखमेआधीचं औषध

—नाही हो साहेब, तेच तर सांगतेय, ते चित्रांचं मी केलं. नऊ चौकोन आले, ज्यात पूल दिसतो त्यावर बोट ठेवा म्हणाले, ठेवलं. एका चौकोनात पुलाचा नुसता खांब होता. आता खांब म्हणजे पूल धरायचा की नाही — मी धरला, खांबाशिवाय पूल राहील का उभा — तर यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. चारदा केला. मग म्हणालं, तुम्ही यंत्र आहात. यंत्रानेच म्हटलं मला. पत्र पाठवलं तर त्यालाही यंत्रानेच उत्तर दिलं, फार अदबीने. म्हणून म्हटलं, आपण स्वतः जाऊन उभं राहावं. खाली पहारेकऱ्याने विचारलं, कुणाकडे? म्हटलं, माणूस असल्याचा दाखला देतात त्यांच्याकडे. बराच वेळ वही चाळत होता बिचारा. शेवटी म्हणाला, तिसरा मजला.

हो, बसते. पाणी नको, आज उपास आहे — म्हणजे पाणी चालतं, पण नको. तर तुमच्या त्या मोबाइलवरच्या खेळात मी औषधवाली आहे. लढत नाही. आमची पाचजणांची टोळी, चौघं राक्षसावर धावून जातात, आणि ज्याला लागेल त्याला मी मागून औषध देते, हिरवा उजेड पडतो अंगावर आणि तो बरा होतो. चौदा महिने झाले. तीन दिवसांपूर्वी तुम्ही माझं खातं गोठवलंत, आज संध्याकाळी सहाला ते कायमचं पुसणार असं लिहून आलंय. आता वाजलेत सव्वापाच. मी घाई करत नाहीये, नुसतं सांगितलं.

काय काय आरोप आहेत म्हणालात? रोज बरोबर चारला येते. अहो, येणारच. घरातलं आवरतं, वाती करून होतात, चार वाजतात. नेम म्हटला की वेळ पाळायची, नाहीतर त्याला नेम कशाला म्हणायचं? आणि रोज येण्याची गोडी तुम्हीच लावता की — सात दिवस न चुकता आलं की पेटी उघडते, तीस दिवस आलं की पंख मिळतात. मला हसू आलं होतं पहिल्यांदा. आयुष्यभर नेम-व्रतं केली, फळ कधी मिळेल ते विचारायचं नसतं असं शिकले, आणि इथे सातव्या दिवशी पेटी. पंखांनी उडता येत नाही, हे मात्र मिळाल्यावर कळलं. शोभेचे आहेत. असू देत. तुमचंही ऑफिस चालायला हवं. तो राक्षस दर मंगळवारी पुन्हा जिवंत होतो, त्याला उठवायलाही कुणीतरी कामावर असेलच ना? असतो? तुमच्या शेजारचाच? बघा. त्याला सांगा, काम नीट करतोस, उठतो तेव्हा खरंच राग आल्यासारखा वाटतो.

दुसरं, एक शब्द बोलत नाही. हे खरंय. टोळीतले आपसात लिहितात, थट्टा करतात, मला ‘मुकी’ म्हणतात. मी चौदा महिन्यांत एक अक्षर टाकलेलं नाही. बोलायचं नाही अशी शपथ आहे माझी. सगळ्यांशी नाही हो, एकाशीच. पण तो तिथे असतो, मग दुसऱ्यांशी लिहिलेलं त्यालाही दिसणार, म्हणून सगळ्यांशीच बंद. शपथेत पळवाट काढणं मला जमत नाही. तो म्हणजे ‘गेंडा’. टोळीचा पुढारी, ढाल घेऊन सगळ्यांत पुढे असतो तो. माझा धाकटा मुलगा. नाही, मुकी म्हणजे मी हे त्याला माहीत नाही. दिराच्या मुलीने मला हे शिकवलं, तिनेच सांगितलं की काकू, तो रोज चार ते सहा इथे असतो. पहाटे पार्सलच्या गोदामात जातो, दुपारी मोकळा होतो. घर सोडून गेला तेव्हापासून नंबर बदललाय, पत्ता कुणाला देत नाही. तेवढी एकच जागा आहे जिथे मला तो चालता-फिरता दिसतो. गेंड्याच्या वेषात का होईना.

शपथ ह्यांनी घातली. माझ्या मिस्टरांनी. ते प्लंबर, आणि धाकटा त्यांच्या हाताखाली. एका घरी काम चाललं होतं, हे वरच्या मजल्यावरून ओरडले, व्हॉल्व्ह बंद कर, बंद कर — त्याने केला नाही. खालच्या बिऱ्हाडाचं छत उतरलं, कपाटं भिजली, त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो लगदा झाले. हे सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, कामात लक्ष नाही, बापाच्या ओरडण्याची किंमत नाही, चालता हो. तो उभा राहून ऐकत होता. घरी येऊन पिशवी भरली आणि गेला. मग हे म्हणाले, हात ठेव देवासमोर, तो माफी मागेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. ठेवला हात. पण माणूस वाईट नाही हो. रोज रात्री जेवताना ताटाकडे बघत विचारतात, आज किती वेळा पडला? मी म्हणते, दोनदा. मग ते पुढचा घास घेतात.

तिसरा कुठला? जखम होण्याआधीच औषध देते. हां. हे तुम्ही मोजलंय? राक्षसाचा वार बसायच्या अर्धा सेकंद आधी माझा हिरवा उजेड पोचतो, आणि असं माणसाला शक्य नाही. वा. पण तुम्ही नीट बघा त्या कागदात. सगळ्यांच्या बाबतीत नाही होत असं. फक्त गेंड्याच्या, आणि फक्त डावीकडून वार आला तर. दिसलं? मग. राक्षस येताना तुमच्या खेळात आधी गुरगुरतो, कुठल्या बाजूने येतोय ते ऐकून बाकीचे वळतात. उजवीकडून आला की हाही वळतो. डावीकडून आला की वळत नाही, खातो मार. म्हणून डावीकडे गुरगुर झाली की मी वाट बघत नाही, औषध देऊन टाकते. कारण त्याला ऐकू येत नाही. डाव्या कानाने. लहानपणापासून.

ह्यांना हे माहीत आहे का, विचारता? — नाही. म्हणजे तसं — थांबा, हे मी सांगायला आले नव्हते.

सात वर्षांचा होता. ताप आला, कान वाहायला लागला. हे परगावी मोठ्या कामावर होते. मी अकरा दिवसांचा नेम धरला. शेजारीण म्हणत होती डॉक्टरकडे ने, मी म्हटलं नेम पुरा होऊ दे, तोवर उंबरा ओलांडायचा नाही असं बोलून बसलेय. तो रडायचा नाही, नुसता कानावर हात ठेवून झोपायचा. अकरा दिवस पुरे केले आणि बाराव्या दिवशी नेलं. डॉक्टर मला रागावले नाहीत. नुसते म्हणाले, आधी आला असतात तर. ताप उतरला, कान गेला. देवाला मी दोष देत नाही, देवाने कुठे सांगितलं होतं दाराला खिळून बस म्हणून, तो माझाच हट्ट होता. पण हे परत यायच्या आदल्या दिवशी मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, बाबांना सांगू नकोस हं, मला बोलतील. सात वर्षांचं पोर. हो म्हणाला.

आणि त्या दिवशी छत उतरलं तेव्हाही नाही सांगितलं त्याने. बाप डाव्या बाजूने ओरडत होता, एवढं जरी म्हणाला असता तरी पुरलं असतं. घरी पिशवी भरताना माझ्याकडे बघितलं फक्त. मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

काय? तो पडदा फिरवा इकडे, चष्मा लावते. तुम्ही टोळीच्या पुढाऱ्याला विचारलंत, ही माणूस वाटते का? आणि हे त्याचं उत्तर? ‘वाटत नाही. माणूस असती तर माझ्या चुकांना एकदा तरी वैतागली असती.’

बरं.

नाही, ठीक आहे मी. आणि ही खाली ओळ लुकलुकतेय ती त्याचीच? आत्ता आहे तो तिथे? तुमचा नियम असा की त्याने प्रश्न विचारायचा आणि मी इथे तुमच्यासमोर बसून उत्तर लिहायचं, मग खातं उघडेल. ‘माणूस आहेस का?’ एवढंच विचारलंय. नुसतं हो लिहिलं तरी चालेल म्हणता. यंत्रही हो म्हणेल की.

शपथ आहे हो. माफी मागेपर्यंत, असं म्हटलंय. आणि तो कशाची मागणार? मागायची त्याने नाहीच आहे. एकदा अकरा दिवस पुरे करत बसले होते, आता चौदा महिने झाले. आणखी किती पुरे करू?

हे कुठलं बटण? मराठी येतं ना यात? सावकाश लिहिते, टकमक बघू नका. डा… वी… कडे. डावीकडे लक्ष ठेव. झालं. नाही, पुढे काही नको. त्याच्या कानाचं घरात दोघांनाच माहीत आहे, त्यातला एक तो. ओळखेल. ओळखू दे. दाबू? दाबलं.

बघितलं त्याने? तिथे तीन टिंबं हलतायत ती कशाची? तो लिहितोय. थांबली. पुन्हा हलतायत. हलू देत, लिहिताना वेळ लागतो त्याला, शाळेतही लागायचा.

साहेब, एक काम करा. बाहेर बाकावर निळ्या सदऱ्यातले एक गृहस्थ असतील, बाकावर नसतील तर तुमच्या हात धुवायच्या नळाशी असतील, मगाशी येताना त्यांना तो गळताना दिसलाय. ते माझे मिस्टर. त्यांना आत पाठवा. म्हणावं, पाना तिथेच ठेवा आणि या. आणि तुम्ही बाहेरच थांबा जरा. तुम्हाला काय, सगळं सांगून झालंय. त्यांना पहिल्यांदाच सांगायचंय. जा. दार ओढून घ्या.