पुढची ओळ

कानाच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या शिक्षिकेला शेजारच्या आजी-आजोबांचं बोलणं ऐकणं भागच होतं. आजी घसा फोडून बोलत होत्या.

“अहो, मशीन लावून बघायला काय जातंय?”

“कशाला? तू ओरडलीस की येतं ऐकू. आणि गाणी डोक्यात वाजतात माझ्या. भांडी घासताना तू गुणगुणतेस, तेसुद्धा.”

“मी? तुमचे कान गेले तेव्हाच सोडलं ते. भिंतींना ऐकवू?”

“सोडलंस? मग रोज सकाळी गातं कोण?”

“मला काय विचारता? डोक्यात गाते तिलाच विचारा!”

नंबर आला तसे आजोबा मुकाट्यानं आत गेले आणि कानामागे मशीन लावून बाहेर आले.

“येतंय का ऐकू?”

“ओरडू नकोस! गा.”

“इथं? चारचौघांत?”

“हळू गा.”

शिक्षिकेनं हातातलं वर्तमानपत्र वाजू न देता मांडीवर ठेवलं. आजींनी मान खाली घालून एक ओळ गुणगुणली.

“आवाज फाटलाय तुझा.”

“मग बसा तिचंच ऐकत!”

“तिला एवढीच ओळ येते गं. तू पुढची म्हण.”