पुढच्या सीटचा नवा पट्टा

दिनांक ८ जानेवारी २००४

मी, झुंबरबाई रखमाजी उढाण, वय अंदाजे साठ वर्षे, धंदा शेती, राहणार घनसावंगी, जिल्हा जालना. समक्ष हजर राहून विचारल्यावरून जबाब देते की, मी थोरला मुलगा संपत व धाकटी सून शिवकन्या यांच्यासह राहते. धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला आहे.

संपतने जुनी मारुती घेतली आहे. पुढच्या सीटचा पट्टा उंदरांनी कुरतडला होता, तो त्याने मागच्या आठवड्यात जालन्यातून नवा बसवून आणला. मागचे पट्टे सीटकव्हरखाली दाबलेले आहेत. गॅरेजवाला म्हणाला, नियम पुढच्याला, मागं कोण बघतं. साहेब म्हणतात, नियम मागच्यालाही आहे. मंग आम्हाला कोणी सांगितला? माझं डोकंच चालंना.

काल सकाळी आम्ही तिघे शिवकन्याच्या भाचीच्या बारशाला अंकुशनगरला निघालो. मी तिला म्हणाले, "पुढं बस बाई, तुला गाडी लागती." ती म्हणाली, "अगं बाई! दादांच्या शेजारी कशी बसू, आत्याबाई?" आमच्यात सून भायाच्या, म्हणजे थोरल्या दिराच्या, शेजारी बसत न्हाई हे खरे आहे. मी पण जास्त बोलले न्हाई. मला पट्टा लावता येईना, तो तिनंच वाकून लावला. हसून म्हणाली, "आता बराबर बांधून टाकलं तुम्हाला." मंग ती मागे बसली.

वाटेत पुढचा उसाचा ट्रॅक्टर एकदम थांबला. संपतने ब्रेक दाबला तरी गाडी ट्रॉलीला धडकली. संपतचे पाय अडकले. शिवकन्या मागून फेकली जाऊन दोन्ही सीटांच्या मध्ये आपटली, डोक्याला मार बसला. मला खरचटलंसुद्धा न्हाई.

तिचे वडील सर्जेराव यांनी लिहून दिले आहे की, सासूने पट्टा स्वतःला घेतला आणि लेकीला तशीच बसवली. पट्टा मला होता, खरं आहे. ती मागं होती, तेही खरं आहे. पण तसं न्हाई हो साहेब. कसं आहे ते मला सांगता येईना.

तिनं दोनदा "आत्याबाई" म्हणून हाक मारली. मला पट्टा सुटंना. कुठं दाबायचं ते माहीत न्हाई. मी ओढत राह्यले, मेल्या पट्ट्याला शिव्या देत राह्यले, तिला ओ दिली न्हाई. ऊसतोडीच्या बायांनी कोयत्याने पट्टा कापला तोवर तिची शुद्ध गेल्ती.

ती अजून शुद्धीवर न्हाई. लिहून झालं असंल तर मला जल्दी दवाखान्यात सोडा. तिनं परत हाक मारली तर ओ द्यायला मी तिथं पाहिजे.

हवालदारांनी लिहिलेले मला वाचून दाखवले, मी बोलले तसेच आहे. लिहिता येत नसल्याने डाव्या हाताचा अंगठा उठवते.