हँडलवरचा रुमाल

मी मूळचा भडगावकडचा, गिरणाकाठचा. बाप दुसऱ्याच्या मळ्यात राबायचा, घरात रॉकेलची चिमणी, म्हणून मी वीज बोर्डात लागलो त्याचं घरच्यांना काय अप्रूप, काय सांगू तुम्हाले. आता इथं नशिराबादच्या अलीकडं सबस्टेशनात ऑपरेटर आहे, गावांच्या लाइनी चालू-बंद करायच्या, तेच काम.

आमच्यात एक रीत आहे. वायरमन खांबावर चढायच्या आधी इथं येतो, कागदावर सही करतो अन बंद केलेल्या लाइनच्या हँडलला आपला रुमाल बांधतो. काम झालं की स्वतः येऊन सोडतो. रुमाल आहे तोवर हँडलला हात लावायचा नाही, साहेब आला तरी नाही. कागद कोण बघतं हो, रुमाल दिसतो.

सुकदेव वायरमन माझा सोबती, आमच्याच भागातला. वैशाखातली दुपार, वाऱ्यानं तार तुटलेली, त्याचा फोन आला, नाना, इतलं लांब कसाले येऊ, फोनवरच बंद करी दे ना. मी केली बंद, अन त्याच्या नावानं माझाच रुमाल हँडलवर टाकला. बांधला नाही, टाकला. मग गावातून फोनवर फोन, पंप बंद, बठ्ठं गाव पाणीकरता बोंबली ऱ्हायनं. मी घामाघूम, एका हातात फोन, दुसऱ्या हातानं रुमाल ओढला, तोंड पुसलं, खांद्यावर टाकला. रोजची सवय हो. थोड्या वेळानं बघतो तर हँडल मोकळं. म्हटलं, इतक्या फोनांत त्याचाही येऊन गेला असेल, झालं वाटतं काम. चालू केली लाइन. सुकदेव अजून वरच व्हता.

चौकशी झाली. कागदावर सही नाही, म्हणजे चूक मयताची, असं लिहिलं गेलं. रुमालाचं मले कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. माझी लेकरं लहान व्हती म्हणतो मी मनाशी, पण खरं म्हणजे मी भ्यालो.

आता त्याची लेक वैशाली त्याच्या जागी लागलीय. खांबावर चढते, हँडलला ओढणी बांधते, गुणी पोर. म्हणते, काका, तुम्ही ड्युटीवर शेतस म्हनीसन माले भ्याव नई वाटत. सणावाराला पाया पडते. मी डोक्यावर हात ठेवतो, सुखी राह माय म्हणतो.

पुढच्या महिन्यात मी रिटायर. तोंडानं सांगणं माझ्याच्यानं होणार नाही. तुम्ही हे लिहून घेताय, ते झालं ना भाऊ, की पहिलं वैशालीलेच वाचाले द्या. माझं नाव बदलू नका.