गोरक्षनं बांधलेलं न्हाणीघर

—बघितलंत न्हवं? मग बसा हितं वट्ट्यावर, घोटभर चहा घ्या. गोरक्षनंच धाडलं म्हणा की तुमाला — 'बाळाबाईंचं न्हाणीघर बघून या, मग मला काम द्या' — आसंच म्हणला ना? लई धीट हाय त्यो. आमचं घर नमुना म्हणून दाखवतोय, आन् तेबी पार तळेघरच्या माणसाला. प्रतिभाताई म्हणलं तर चालंल ना? सासूबाईंसाठी बांधायचंय म्हणता, मग खरं सांगायला पायजे. आता बघितलीत ना, ती दुसरी फरशी. पहिली कशी व्हती, ते त्यानं सांगितलं नसंल. कसं सांगंल?

त्याचं आसं झालं — आमच्या मालकांच्या अंगावरनं वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं बी तोंडातल्या तोंडात घोळायला लागलं. आता देवळापाशी जाऊन बसल्यात, काठी घेऊन — पण तवा उठवून बसवायला बी माणूस लागायचं. आमचा दादाभाऊ पुण्याला असतो, त्यो म्हणला, आई, ती दगडाची न्हाणी बास झाली, कमोड घालून घे, भिंतीला धरायला दांडा लावून घे. गोरक्ष भावकीतला, रोज 'काकू काकू' करणारा — त्याला सोडून दुसरा बघायचा म्हंजे गावात तोंड दाखवायला नको. दिलं त्यालाच.

बांधलं की त्यानं. फरशी आशी चकचकीत, की मी पदर सावरून बघितला तिच्यात. पण बादली ओतली की पाणी जाळीकडं जायचंच नाय — सरळ दाराखालनं सैपाकघरात. मी गोरक्षला बोलावलं. त्यो उकिडवा बसला, बघितलं, म्हणतो कसा — काकू, नवं काम हाय, पाणी हळूहळू वाट धरंल. म्हणलं, गोरक्ष, पाणी काय वासरू हाय व्हय, सवय लावायला? हसला आन् चहा पिऊन गेला. कमोड भिंतीला आसा चिकटवलेला, की बसणाऱ्यानं एक गुडघा घरी ठेवून यावं. आन् दांडा — हसू नका, दांड्याचं हसण्यासारखं नाय. मालकांनी पहिल्यांदा उठताना धरला, त्यो भिंतीतनं निघून त्यांच्या हातात आला. मी दारातच व्हते म्हणून बरं. कवळ्यात धरलं, दोघं बी भिंतीला टेकून बसलो. तवापासनं त्यांनी त्या दाराकडं बघितलं नाय. मी आपली परत मागच्या दगडावर त्यांना न्हाऊ घालायचे. गोरक्षनं येऊन दांडा परत बसवला, सिमेंट लावलं, म्हणला, काकू, आता म्हैस बांधा ह्याला.

भांडायचं तरी कसं? भांडलं की त्यो दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी घेऊन येतो. माणूस वाईट नाय हो, हात वाईट हाय.

मग एकदा त्याच्या सासरची माणसं लेण्याद्रीला आली व्हती. म्हणलं, गोरक्ष, समद्यांना जेवायला घेऊन ये. आला. घामानं निथळत व्हता — एवढ्या पायऱ्या चढून उतरलेला. मी म्हणलं, आधी आंघोळ कर बाबा, मग पान वाढते. त्यो म्हणतो नको काकू, घरी जाऊन करतो. त्याचा सासराच म्हणला, अवो करा की, एवढ्या मायेनं म्हणत्यात. मंग काय करतोय? गेला आत. मी नवा साबण दिला, ऊन पाणी काढून दिलं, म्हणलं, चांगलं भरपूर घे, हात आखडू नको.

पाव्हण्यांची पंगत सैपाकघरातच बसवली व्हती मी. तुमी काय बी म्हणा — जागा दुसरी बी व्हती. पहिला तांब्या पडला, दुसरा पडला, आन् साबणाचा फेस दाराखालनं निघाला तो थेट सासऱ्याच्या धोतराखाली. आतनं धाडदिशी आवाज आला. दार उघडलं तर गोरक्ष टॉवेल गुंडाळून उभा, डोळ्यात साबण, आन् हातात दांडा — चोपदार उभा राहावा तसा. सासऱ्यानं आधी धोतराकडं बघितलं, मग दांड्याकडं, आन् लई शांतपणे इचारलं — जावईबापू, ह्ये बांधलंय कुणी?

आन् मालक हसले. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेले — तोंड एका अंगानं वाकडं, त्यातनं हसू बाहेर पडंना, डोळ्यातनं पाणी. पण हसले. आजारपणापासनं हसला नव्हता हो माणूस. त्यांना बघून गोरक्ष बी हसला, तसाच, डोळ्यातला साबण पुसत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आला, न बोलवता. समदी फरशी फोडली. ढाळ नीट काढला, मगानं पाणी ओतून ओतून बघितलं. कमोड पुढं घेतला. दांडा पार विटेत बसवला आन् स्वतः त्याला लोंबकळला. सिमेंट वाळल्यावर मालकांचा हात धरून त्यांना आत नेलं त्यानं, मी नाय.

आता स्वतःच्या हातानं आंघोळ करत्यात. स्टुलावर बसून. आतनं कडी लावून. हां, कडी बी नीट बसती आता — पहिली बसत नव्हती, ते बरं व्हतं. म्हंजे — तसं नाय. तुमाला कसं सांगू? ह्यो माणूस उभा जन्म मेंढरांमागं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात, पावसाच्या तोंडाला माघारी. लेकरं झाली तवा नव्हता, माझी आई गेली तवा नव्हता. त्यांच्या पाठीवर एवढा मोठा तीळ हाय, त्यो मला ह्या आजारात दिसला. रोज ऊन पाणी घालायचे, पाठ चोळायचे, ते डोळे मिटून बसायचे शहाण्यासारखे. आता मी टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी. इचारते, पाठ चोळू का? बाकीचं समदं बोलणं घोळतं, पण 'नको' मात्र कसं स्वच्छ येतं आतनं —

काय सांगत व्हते मी? गोरक्षचं. द्या त्याला काम. डोक्यावर उभ्या राहा, पण द्या. कप ऱ्हाऊ द्या, मी इसळते. निघा आता, तळेघरची गाडी चुकंल तुमची. जा.